यंत्राची साक्ष आणि शेजारधर्म



दूध मापाने, धान्य वजनाने आणि जमीन साखळीने मोजावी हे आमच्या खेड्यांतील लोकांस नव्याने शिकवावे लागत नाही. बांधावरून दोघा भावांत तंटा उपस्थित झाला म्हणजे सरकारी मोजणीदारास बोलावणे जाते. तो नकाशा उलगडतो, हद्दीचे दगड पाहतो, माप घेतो, आणि बहुधा उभय पक्ष त्याचा निर्णय मान्य करतात. कारण ते माप कसे घेतले गेले हे दोघांनीही बांधावर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

परंतु अलीकडे एक नवे माप आमच्या घरांत शिरले आहे, आणि ते कसे घेतले जाते हे कोणाच्याही डोळ्यांस दिसत नाही. हे माप म्हणजे मोबाईलने बिनतारी लहरींवरून सांगितलेले अंतर होय. किल्ल्यांच्या जुडग्यास अथवा पैशांच्या पाकिटास अडकविण्याची एक लहानशी चकती बाजारात मिळते. वस्तू हरवली तर मोबाईल हाती घेऊन फिरावे आणि ती जवळ आहे की दूर, हे त्याच्या पडद्यावर वाचावे. काही मोटारींची दारे धन्याच्या खिशातील किल्ली जवळ आली की आपोआप उघडतात. आणि २०२० च्या महामारीत तर कोण कोणाच्या किती जवळ येऊन गेला, हे ठरविण्याचे कामही जगभर याच लहरींवर सोपविण्यात आले होते.

हे माप कितपत खरे असते? हा प्रश्न निव्वळ शास्त्रज्ञांचा असता तर या सदरात आम्ही तो घेतला नसता. परंतु अशा मापावरून माणसे माणसांविषयी मत बनवू लागली आहेत, आणि म्हणून तो आता शेजारधर्माचाही प्रश्न झाला आहे.

एका राजाचे नाव

बिनतारी विद्येशी ख्रिस्तसभेचा परिचय जुना आहे. व्हॅटिकनचे रेडिओ केंद्र स्वतः मार्कोनी यांनी उभारले आणि अकरावे पायस यांच्या हस्ते १२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पुढे १९५१ साली बारावे पायस यांनी देवदूत गाब्रिएल यास दूरसंदेशवहनाचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. ज्याने नाझरेथच्या घरी निरोप पोहोचविला, त्याच्याकडे निरोपांच्या विद्येचे पालकत्व यावे हे उचितच होते.

आज आपल्या मोबाईलमध्ये जी आखूड पल्ल्याची बिनतारी व्यवस्था असते तिला ब्लूटूथ म्हणतात. या नावामागेही एक ख्रिस्ती राजा उभा आहे. दहाव्या शतकात डेन्मार्क देशी हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. निळा दात असे त्याचे टोपणनाव पडले होते. त्याने सुमारे ९६५ च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. येलिंग येथे त्याने उभारलेली शिळा आजही पाहावयास मिळते. आपण डेन प्रजेस ख्रिस्ती केले, असे त्या शिळेवर त्याने कोरून ठेविले आहे. विखुरलेले प्रांत त्याने जसे एकत्र आणले, तशी निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे या व्यवस्थेने एकत्र बोलू लागावीत, या कल्पनेने गेल्या शतकाच्या अखेरीस एका अमेरिकन अभियंत्याने त्याचे नाव सुचविले. तिच्या चिन्हातील दोन अक्षरेही त्या राजाच्या नावाच्या जुन्या लिपीतील आद्याक्षरेच आहेत.

ही व्यवस्था मुळात कशासाठी निर्माण झाली, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. १९९४ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन व स्व्हेन मॅटिसन या अभियंत्यांनी तिचा पाया घातला, तो तारांचे जंजाळ नाहीसे करण्यासाठी. तारेवाचून यंत्रांचे परस्पर बोलणे व्हावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. अंतर मोजणे हे तिच्या गळ्यात मागाहून पडलेले काम होय. दळणासाठी बनविलेल्या जात्याकडून तराजूचे काम घ्यावे, तसाच हा प्रकार झाला.

लहरीचा जोर आणि घंटेचा नाद

मग ब्लूटूथवरून अंतर काढतात तरी कसे? सर्वांत साधी रीत लहरीच्या जोराची आहे. आपण शेतात असता संध्याकाळी देवळाची घंटा वाजते. नाद मोठा आला तर देऊळ जवळ, अस्पष्ट आला तर दूर, असा अंदाज आपण सहज बांधतो. मोबाईलही तेच करतो. दुसऱ्या यंत्राकडून आलेली लहर किती जोराची आहे हे तो पाहतो आणि त्यावरून ते यंत्र किती लांब असावे याचा तर्क करतो.

मोकळ्या जागी यास नियम आहे. अंतर दुप्पट झाले की लहरीचा जोर चौथाईवर येतो, चौपट झाले की सोळाव्या हिश्श्यावर येतो. सभोवार काहीच अडथळा नसता, आणि दोन्ही यंत्रे अगदी सारखी असती, तर या नियमावरून अंतर बऱ्यापैकी निघाले असते. परंतु माणसे मोकळ्या आकाशात राहत नाहीत. ती घरांत राहतात, आणि घरांत भिंती, भांडी, कपाटे, पत्रे आणि इतर माणसे असतात.

प्रथम माणसाचेच घेऊ. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे. ब्लूटूथची लहर ज्या कंपनसंख्येच्या आसपास असते, त्याच कंपनसंख्येच्या लहरींनी मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापवितात. मोबाईलची लहर त्या मानाने अत्यंत क्षीण असल्याने ती आपणांस भाजत नाही. परंतु पाण्याने भरलेले आपले शरीर तिला अडविते हे मात्र खरे. एखाद्याने मोबाईल मागच्या खिशात ठेविला आणि दुसरा त्याच्या समोर उभा राहिला, तर मधल्या देहामुळे लहरीचा जोर सहज दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो. आता वरील नियमानेच हिशेब करून पाहावा. जोर दहापट घटला म्हणजे यंत्रास वाटते की अंतर तीनपटीहून थोडे अधिक वाढले. वस्तुतः एक मीटरवर उभा असलेला मनुष्य त्याच्या लेखी तीन मीटरांपलीकडे जातो. कोणी एक पाऊलही हललेले नसते.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची आहे. डोंगरकपारीत हाक मारली असता एकच हाक दोनदा ऐकू येते, तशीच बिनतारी लहर पत्र्यावर, लोखंडी कपाटावर, जमिनीवर आपटून परतते. मूळ लहर आणि परतलेली लहर अशा दोन्ही एकाच वेळी मोबाईलपाशी पोहोचतात. कधी त्या एकमेकींस बळ देतात, कधी एकमेकींस मारून टाकतात. ही लहर अवघी १२ सेंटिमीटर लांबीची असल्यामुळे दोन वाटांत केवळ ६ सेंटिमीटरांचा फरक पडला तरी बळ देण्याऐवजी ती मारक ठरू शकते. म्हणून मोबाईल चार बोटे सरकविला की आकडा बदलतो. कधी दूर सरकविल्यावर तो जवळ दाखवितो, आणि जवळ नेल्यावर दूर दाखवितो. त्यातून प्रत्येक कंपनीच्या मोबाईलचा आवाज लहानमोठा असतो आणि कानही कमीअधिक तीक्ष्ण असतात, ही तिसरी अडचण होय.

सारांश, घंटेचा नाद क्षीण आला याचा अर्थ देऊळ दूर आहे असाच होत नाही. वारा उलट असेल, मध्ये टेकडी असेल, घंटा वाजविणारा मुलगा लहान असेल, किंवा ऐकणाऱ्याच्या कानात कापूस असेल.

महामारीने घेतलेली परीक्षा

या रीतीची फार मोठी परीक्षा २०२० साली झाली. सिंगापूर, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, इंग्लंड आदी देशांत मोबाईलवर असे कार्यक्रम बसविण्यात आले की, एखादा रुग्ण निघाल्यास त्याच्या जवळ काही वेळ राहिलेल्यांस सावधतेची सूचना जावी. आपल्या देशात त्या वर्षीच्या एप्रिलच्या प्रारंभी आरोग्य सेतु आले. त्यात ब्लूटूथ आणि उपग्रहांवरून कळणारे ठिकाण अशा दोहोंचा उपयोग केलेला होता.

याच काळात आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील डग्लस लीथ व स्टीफन फॅरेल यांनी एक प्रयोग केला. युरोपातील शहरांत चालणाऱ्या ट्रामच्या डब्यात त्यांनी स्वयंसेवकांस मोबाईल देऊन बसविले. कोण कोठे बसला आहे हे ठाऊक होते, त्यामुळे खरे अंतरही ठाऊक होते. लहरींचा जोर मात्र त्या खऱ्या अंतराशी फारसा जुळेना. धातूच्या डब्यात लहरी इकडून तिकडे आपटत होत्या. मग त्यांनी तीन देशांच्या कार्यक्रमांचे नियम त्या आकड्यांस लावून पाहिले. स्विस व जर्मन नियमांनी एकालाही सूचना दिली नाही. इटलीच्या नियमाने खरोखर जवळ असलेल्यांपैकी निम्म्यांस सूचना दिली; परंतु जवळ नसलेल्यांपैकीही निम्म्यांस दिली. चिठ्ठ्या टाकून नावे काढली असती तरी याहून फारसे वाईट झाले नसते, असा निष्कर्ष त्या दोघांस काढावा लागला.

यावरून कोणी म्हणेल की, मग हा सगळा खटाटोप व्यर्थच होता. आमचे मत तसे नाही, आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. इंग्लंड व वेल्समधील अशाच कार्यक्रमाचा अभ्यास ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०२० च्या सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरअखेरपर्यंत तेथे सुमारे १७ लाख सूचना गेल्या. सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांस पुढे लक्षणे दिसून रोग असल्याचे तपासणीत ठरले. त्या अवधीत या कार्यक्रमामुळे किती जणांचा रोग टळला याचे अभ्यासकांनी दोन रीतींनी गणित केले. एका रीतीने सुमारे २ लाख ८४ हजार आले, तर दुसरीने सुमारे ५ लाख ९४ हजार.

वाचकांनी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. शंभरांस सूचना गेली तर त्यांतील सुमारे सहा जणच रोगी निघाले. तरीही लाखो लोकांचा रोग टळला. याचा अर्थ असा की, ढोबळ माप पुष्कळांस सावध करण्यास उपयोगी पडते, परंतु तेच माप एकास दोषी ठरविण्यास अपुरे असते. ‘काही दिवस घरी थांबा, म्हाताऱ्या आईपासून दूर राहा’ एवढे सांगण्यास ते पुरेसे होते. ‘अमक्याने गावात रोग आणला’ असे म्हणण्यास ते कधीच पुरेसे नव्हते. महामारीच्या त्या दिवसांत अशी वाक्ये किती उच्चारली गेली, हे ज्याचे त्याने आठवावे.

वेळेवरून काढलेले अंतर

जोराची रीत अशी लंगडी असल्यामुळे शास्त्रज्ञांनी दुसरी रीत काढली आहे. ती वेळेची होय. वीज चमकली आणि गडगडाट किती वेळाने ऐकू आला हे मोजून ती किती लांब पडली याचा अंदाज आपले वडीलधारे करीत असत. येथे आवाज मोठा की लहान याला महत्त्व नाही. त्याला किती वेळ लागला याला महत्त्व आहे.

बिनतारी लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर, धावते. तेव्हा एक मीटर जाण्यास तिला एका सेकंदाच्या सुमारे तीस कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागास नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्यात लहर अवघी ३० सेंटिमीटर जाते. म्हणजे घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकले तर अंतर एका फुटाने चुकते.

आता दोन यंत्रांतील दोन घड्याळे इतकी बिनचूक कशी जुळवावीत? त्यावर युक्ती अशी की, एकानेच वेळ मोजावी. पहिले यंत्र हाक देते, दुसरे उत्तर देते, आणि पहिले यंत्र जाण्यायेण्याचा वेळ मोजून त्याचा निम्मा धरते. देवळात स्तोत्राची एक ओळ वेदीकडून व दुसरी लोकांकडून म्हटली जाते, तशी ही रीत आहे. परंतु लोक उत्तर देण्यापूर्वी क्षणभर श्वास घेतात. दुसरे यंत्रही तसा श्वास घेते, आणि तो वेळ वजा करावा लागतो. तो मोजते दुसऱ्याचेच घड्याळ. साध्या घड्याळाच्या स्फटिकात दहा लाखांस वीस भाग इतका फरक असणे सामान्य आहे. हा फरक क्षुल्लक भासतो. पण उत्तरापूर्वी यंत्राने सेकंदाचा हजारावा भाग जरी श्वास घेतला, तरी एवढ्याशा फरकाने अंतरात ३ मीटरांची चूक होते! म्हणून हाक आणि उत्तर दोन्ही बाजूंनी देऊन, एकाच्या घड्याळाचा दोष दुसऱ्याच्या मापाने काटून टाकावा लागतो.

दुसरी गोष्ट लहरीच्या धारेची. बासरीचा लांबलेला सूर नेमका केव्हा सुरू झाला हे सांगणे कठीण असते. टाळीचा क्षण मात्र चटकन कळतो. ब्लूटूथची एक वाट फार अरुंद असल्याने तिची हाक बासरीसारखी लांबते. याउलट ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा वापरणारी जी अतिरुंद पट्ट्याची व्यवस्था आहे, तिची हाक टाळीसारखी तीक्ष्ण असते. तिच्यामुळे सरळ आलेली लहर आणि आपटून आलेली लहर वेगळ्या ओळखता येतात, आणि मधे अडथळा नसेल तर चूक १० सेंटिमीटरांच्या आसपास येते. २०१९ पासून काही महागड्या मोबाईलमध्ये आणि २०२१ पासून काही चकत्यांमध्ये ही व्यवस्था बसविलेली आहे. ब्लूटूथनेही २०२४ च्या आपल्या नव्या नियमांत अनेक वाटांवरील लहरींची चढउतार ताडून अंतर काढण्याची सुधारलेली रीत आणली. जुन्या वा स्वस्त यंत्रांत अद्याप जोराचीच रीत असते.

मोटारींच्या चोरीतही या दोन रीतींचा फरक दिसून येतो. किल्ली घरात खुंटीवर टांगलेली असताना एक चोर घराच्या भिंतीपाशी आणि दुसरा मोटारीपाशी यंत्रे घेऊन उभे राहतात, किल्लीची क्षीण कुजबुज एकमेकांकडे मोठी करून पोहोचवितात, आणि धनीच जवळ आला असे समजून मोटार दार उघडते. जोराची नक्कल करता येते. वेळेची रीत असेल तर हे काम फार अवघड होते, कारण मधल्या दलालांमुळे लहरीस उशीरच लागतो, आणि कोणताही दलाल तिला प्रकाशाहून वेगाने धाववू शकत नाही.

तथापि वेळेच्या रीतीसही मर्यादा आहेत. मधे पोलादी दार किंवा जाड भिंत आली की सरळ वाट अडते, आणि लहर खिडकीतून वळसा घेऊन येते. भिंतीतून आली तरी तिची गती मंदावते. दोन्ही प्रकारांत अंतर खऱ्याहून अधिक दिसते. शिवाय माप कितीही बिनचूक असले तरी ते भिंत ओळखत नाही. एकाच सामाईक भिंतीच्या दोन बाजूंस दोन कुटुंबे निजली असतील तर त्यांच्यात एक मीटर अंतर आहे हे यंत्र सांगेल. त्या एका मीटरात दोन घरांची हद्द आहे हे ते सांगणार नाही.

एका परसातील गोष्ट

हा विषय आम्ही का घेतला ते आता सांगतो. उभय कुटुंबांच्या अनुमतीने, नावगाव वगळून, ही हकिगत येथे देत आहोत.

एका घरी पैशांचे पाकीट हरवले. आत मुलीच्या शाळेची फी होती. पाकिटात चकती होती, म्हणून घरातील तरुणाने मोबाईल घेऊन शोध आरंभिला. माजघरात आकडा क्षीण, स्वयंपाकघरात क्षीण. तो परसात आला, आणि शेजाऱ्यांच्या मागील दारापाशी जाताच मोबाईल ‘जवळ, जवळ’ असे दाखवू लागला. त्याने पुन्हा घरात जाऊन पाहिले, पुन्हा परसात येऊन पाहिले. प्रत्येक वेळी उत्तर तेच. शेजारच्या घरातील बाई या घरी भांड्यांस मदत करावयास येत असे. तेव्हा पुढचे बोलणे कोणत्या दिशेने गेले असेल हे सांगावयास नको. ‘आम्ही म्हणत नाही, मोबाईलच म्हणतो’, हे वाक्य त्या सायंकाळी तीनचारदा उच्चारले गेले.

पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. घरातील आजीने ते सुरक्षित राहावे म्हणून पोलादी कपाटाच्या मागे, परसाच्या खिडकीलगतच्या कोनाड्यात ठेविले होते, आणि त्या दिवशी ती लेकीकडे गेली होती. घराच्या आतून येणाऱ्यास मधे पोलादी कपाट होते; तेथे लहर अडत होती. खिडकी मात्र शेजाऱ्यांच्या परसाकडे उघडत होती. तेथे लहर मोकळी जात होती. मोबाईल खोटे बोलला नव्हता. त्याने जे ऐकले तेच सांगितले होते.

पाकीट मिळाले, फी भरली गेली. परंतु त्या दोन घरांच्या मधले दार पुढे पुष्कळ दिवस बंद राहिले. रविवारी मिस्सेत शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोन्ही कुटुंबे निरनिराळ्या दिशांस वळत. तरुणाने जाऊन क्षमा मागितली, आणि ती दिलीही गेली. तरी ती बाई त्या घरी पुन्हा कामास गेली नाही. आमच्याशी बोलताना ती एवढेच म्हणाली, “फादर, त्यांनी मला एकदा विचारले असते, तर मीच आजीला विचारा म्हणून सांगितले असते.”

चार पायऱ्या

या हकिगतीत काय काय घडले ते आपण पायरीपायरीने पाहू. यंत्रास कळले ते एवढेच की, ‘येथे लहर जोरात आली.’ पडद्याने त्याचे भाषांतर केले, ‘वस्तू जवळ आहे.’ मनाने पुढची पायरी घेतली, ‘ती शेजाऱ्यांच्या घरात आहे.’ आणि जिभेने शेवटची, ‘ती त्यांनी घेतली.’ या चार वाक्यांपैकी पहिलेच तेवढे मोजलेले आहे. दुसरे यंत्राचे अनुमान आहे. तिसरे व चौथे आपले आहे. तरीही चौथे वाक्य उच्चारताना आपण पहिल्याचा अधिकार वापरतो, आणि वर ‘मोबाईल म्हणतो’ असे सांगून मोकळे होतो. मोबाईल कोणावर आळ घेत नाही. तो पाप करू शकत नाही. ते करण्यास माणूसच लागतो.

आठव्या आज्ञेने खोटी साक्ष देण्यास मना केले आहे हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो. परंतु कोर्टात उभे राहून शपथेवर खोटे बोलणे एवढाच त्या आज्ञेचा भंग नव्हे. पुरेसा आधार नसता शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनातसुद्धा खरा मानणे, यास ख्रिस्तसभा अविचारी निर्णय म्हणते, आणि त्याची गणना त्याच आज्ञेविरुद्धच्या पापांत करते. आधार पुरेसा आहे की नाही हे पाहणे हे आपले कर्तव्य आहे, आणि आधार जर यंत्राचा असेल तर त्या यंत्राची मर्यादा जाणून घेणे हेही त्याच कर्तव्यात मोडते. खोटा तराजू परमेश्वरास वीट आणतो असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. खरा तराजू नको त्या कामास लावला तर तोही खोटाच ठरतो.

मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या तोंडावरून कोणास दोषी ठरवू नये, दोघे किंवा तिघे पाहिजेत, असा दंडक आहे. यंत्राच्या बाबतीतही तो पाळण्याजोगा आहे. एकाच जागी उभे राहून घेतलेला एकच आकडा म्हणजे एकच साक्षीदार. म्हणून ज्या घरांत ही साधने आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी सुचवितो.

वस्तू शोधताना मोबाईल खिशात न ठेवता हातात धरावा, आणि एका जागी सावकाश पूर्ण फेरा घ्यावा. आपलेच शरीर आड येत असेल तर ते अशाने कळेल. निदान चार निरनिराळ्या जागांवरून पाहावे, आणि प्रत्येक जागी मोबाईल वीतभर इकडेतिकडे सरकवावा. लोखंडी कपाट, पत्रा, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी यांच्या मागे अगोदर हाताने शोधावे. लहर जेथे पोहोचत नाही तेथेच वस्तू असण्याचा संभव पुष्कळ. चकती वाजविता येत असेल तर वाजवून कान द्यावा, कारण तो दुसरा साक्षीदार होय. पडद्यावर ‘दोन मीटर’ दिसले तर ते ‘एक ते सहा मीटर, कोणत्याही दिशेस’ असे मनात वाचावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांस अगोदर विचारावे. आमच्या अनुभवात हरवलेल्या वस्तूंचा सर्वांत मोठा भाग आजीने जपून ठेविलेल्या वस्तूंचाच असतो.

एवढे करूनही वस्तू शेजाऱ्यांकडे असावी असेच वाटले तर? तर मोबाईल घरी ठेवून जावे. ‘आमचे पाकीट हरवले आहे, शोधावयास मदत कराल का?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास पाच पावले चालावे लागते, आणि त्यात कोणाचीही अब्रू जात नाही.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर घायाळ पडलेल्या त्या माणसाची गोष्ट संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. याजक व लेवी यांनी त्यास पाहिले आणि ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. अंतर मोजले असते तर दोघेही काही मीटरांतच भरले असते. प्रभूने विचारले ते मात्र शेजारी कोण ठरला हे. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही लहरीच्या जोरावरून काढता येत नाही. ते आपल्या वागण्यातून द्यावे लागते.

शास्त्राने दिलेली साधने आम्ही कृतज्ञतेने वापरावीत, ती जेवढे सांगतात तेवढेच त्यांच्याकडून ऐकावे, आणि उरलेले बोलताना जीभ आवरावी, एवढा विवेक प्रभू आपणा सर्वांच्या कुटुंबांस देवो.